तीन नंबरची लाल बांगडी

समजा, तुमच्या हातात बांबूची एक कामटी दिली आहे. पेन्सिलीएवढी जाड, टोकाला चपटी तासलेली. समोर चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे आणि त्यात हवा जाण्यासाठी बाजूला चार तोंडं आहेत. तोंडात बोट घाला. हवेला जायला तीन बोटं रुंद वाट होती, तिथे आता जेमतेम दीड बोट उरली आहे. बाकी सगळा काळा, चिकट थर. दिसायला डांबर, हाताला लोणी, आणि वास चार दिवस तळणीला वापरलेल्या तेलाचा. हा थर तुम्हाला काढायचा आहे. लोखंडी काही वापरायचं नाही, ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. जोर करायचा नाही, सुटलेला तुकडा आत गेला तर थेट व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. घाई तर अजिबात करायची नाही. आणि दुपारी दोन वाजता ही गाडी निघायलाच हवी.

आता बोट बाहेर काढा. पुढचे चार दिवस नखातला हा रंग जाणार नाही.

तळवड्यातल्या हनीफभाईंच्या गॅरेजात गेली अकरा वर्षं हे काम शालनबाई करतात. वय अठ्ठेचाळीस, बांधा लहान, आवाज मोठा. साडीवर पुरुषी खाकी शर्ट, हातांत कोपरापर्यंत पिवळे रबरी मोजे, केसांना फडकं. गॅरेजच्या मागच्या अंगाला पत्र्याखाली त्यांचा टब, त्यांचे ब्रश आणि त्यांची पाटी. ब्रशांत एक लहान बाळाची बाटली धुण्याचा आहे. वाकड्या नळीत तो जसा वळतो तसा दुसरा कुठलाच वळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती बाटली त्यांच्या मुलीची, करिष्माची होती. करिष्मा आता कॉलेजात जाते आणि ब्रश अजून नोकरीला आहे.

त्या मूळच्या औसा तालुक्यातल्या. नवरा ज्योतीराम चाकणच्या गोदामात कामाला लागला, त्याच्या मागोमाग त्या आल्या आणि एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासू लागल्या. कँटीनचा टेम्पो दुरुस्त करायला हनीफभाई तिथे गेले होते. त्यांनी पाहिलं, एक बाई पोह्यांच्या भल्या मोठ्या कढईचा तळ बांबूच्या कामटीनं खरवडते आहे.

“ताई, तारेची घासणी नाही का दिली कंपनीनं?”

“दिलीय की. पन कढई ॲल्युमिनियमची हाय. ओरखडा पडला की पुढच्या येळी पोहे त्याच ओरखड्यात जाऊन बसतेत.”

हनीफभाई कढईत वाकून बघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गाडीचं मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला हवा वाटून देणारी चार फाट्यांची नळी, पोत्यात गुंडाळून त्यांच्यापुढे आणून ठेवलं. शालनबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “ह्यात काय तळलं होतं?”

पुढच्या महिन्यात त्या गॅरेजात होत्या.

काजळी वाचायला त्यांना कोणी शिकवलं नाही. कोरडी, पिठासारखी असेल तर गाडी गावातल्या गावात फिरते. ओली, ओघळणारी असेल तर कुठून तरी तेल येतंय, हनीफभाईंना हाक मारा. वर मऊ आणि खाली टणक असेल तर मालकानं मध्येच कधीतरी बाटलीतलं काहीतरी ओतून पाहिलंय आणि आता तो नाही म्हणणार आहे. एकदा सुरम्यासारखी बारीक काजळी निघाली, ती नवऱ्याला दाखवायला म्हणून त्यांनी छोट्या डबीत भरून घरी नेली आणि फळीवर ठेवली. सकाळी त्यांच्या सासूबाई कौशल्याबाई मोरीत बसून मशेरी लावत होत्या. बराच वेळ लावून म्हणाल्या, “शालन, ह्या येळची मशेरी लय जळाली गं.” त्यानंतर दोन दिवस कौशल्याबाई फक्त गुळण्या करत होत्या आणि तिसऱ्या दिवसापासून शेजारपाजारी सांगत सुटल्या, की आमच्या सुनेनं मला इंजिन समजून साफ केलं.

तेव्हापासून काजळीच्या डब्यांना लाल झाकण असतं, आणि एकही डबा घरी जात नाही. खरवडलेला गाळ गटारात सोडायचा नाही हा नियमही शालनबाईंचाच. पत्र्याखाली मागच्या भिंतीला लाल झाकणाच्या डब्यांच्या रांगा लागल्या आहेत. हनीफभाई त्याला बँक म्हणतात.

एवढं सगळं येणाऱ्या बाईला गॅरेजात एक गोष्ट मात्र करता येत नव्हती. चावी मारता येत नव्हती.

हनीफभाईंचा नियम त्यांच्या वडिलांपासूनचा. ज्यानं शेवटचा बोल्ट आवळला त्यानंच चावी मारायची. गाडी सुरू झाली तर शाबासकी त्याची, नाही झाली तर दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा नको. आणि चावी मारायच्या आधी हनीफभाई फक्त एक शब्द विचारतात, “मोजलं?” काढलेले बोल्ट, पाने, चिंध्या सगळं मोजून झालं असेल तरच हो म्हणायचं.

दुसऱ्याच वर्षी शालनबाईंनी न मोजता हो म्हटलं होतं. एका टेम्पोच्या तोंडात कचरा आत पडू नये म्हणून कोंबलेली चिंधी तशीच राहिली. त्यांनी बोल्ट आवळला, चावी मारली, इंजिनानं चिंधी ओढून घेतली आणि व्हॉल्व्ह वाकला. हनीफभाई म्हणाले, “शालनताई, आजपासून धुणं तुमचं, आवळणं आमचं.” आवाज चढवला नाही. विषय संपला.

त्या आठवड्याच्या बाजारातून शालनबाईंनी चार प्लॅस्टिकच्या बांगड्या आणल्या. हिरवी, पिवळी, लाल, निळी. प्रत्येक चिंधीला दोरी बांधली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला बांगडी. चिंधी तोंडाच्या आत, बांगडी बाहेर लोंबत. बांगडी तोंडापेक्षा मोठी, त्यामुळे ती आत जाऊच शकत नाही. एक नंबरला हिरवी, दोनला पिवळी, तीनला लाल, चारला निळी. काम झालं की दोरी सोडून चिंधी टबात आणि बांगडी भिंतीवरच्या खिळ्याला. खिळ्यावर चार दिसल्या की मोजलं. कमी दिसली तर गाठ सुटून बांगडी कुठेतरी पडली आणि चिंधी आत राहिली असं धरायचं. ही युक्ती आता आसपासच्या तीन गॅरेजांत चालते आणि तिथले मिस्त्री ती आपलीच म्हणून सांगतात.

पण आवळणं परत मिळालं नाही. नऊ वर्षं त्या इंजिन धुवून द्यायच्या आणि ओले हात घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. चावी हनीफभाई मारायचे, नाहीतर त्यांचा मिस्त्री शोएब.

“पोरीला न्हाऊ-माखू घालायचं मी,” त्या म्हणायच्या, “आन् कडेवर घेऊन मिरवायचं शोएबनं.”

“मग तुम्ही मिरवा ना, मावशी,” शोएब म्हणायचा. “मी धुतो.”

“तू धुतलेली पोरगी पुन्हा धुवाय लागंल मला.”

गेल्या मार्चमधला एक गुरुवार. आमच्या कंपनीच्या बायकांना महाळुंग्याला नेणारी धनेशची मिनीबस आदल्या संध्याकाळी गॅरेजात लागली होती. चढ आला की मागून काळा धूर आणि पुढून धनेशच्या शिव्या, असं पंधरा दिवस चाललं होतं. हनीफभाई मॅनिफोल्ड काढत असताना शेवटच्या बोल्टवर पाना सटकला आणि उजव्या हाताची दोन बोटं मोडली. डॉक्टरांनी पंजा प्लॅस्टरमध्ये घातला. शोएब बहिणीच्या लग्नाला उदगीरला गेलेला. इंजिन उघडं पडलेलं आणि ते बंद करायला गॅरेजात एकही मोकळा उजवा हात नव्हता. एक सोडून.

दुसऱ्या पाळीच्या सव्वीस जणींनी मला चौकशीला पाठवलं, कारण मी जवळ राहते आणि माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे. मी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. हनीफभाई स्टुलावर बसले होते, प्लॅस्टर मांडीवर ठेवून. धनेश त्यांच्यामागे फेऱ्या मारत होता. शालनबाई कमरेपर्यंत इंजिनात होत्या.

“मावशी, दोनला निघायचंय बरं का.”

“धनेश, तू कंपनीच्या गेटवर गाडी उभी करून झोपतोस का रे?”

धनेश थांबला. “कोण म्हणलं?”

“इंजिन चालू ठेवून. एशी लावून.”

“नाही ओ मावशी! डिझेल काय फुकट येतं का?”

शालनबाईंनी कामटीच्या टोकावर थराची एक वडी काढून त्याच्या नाकापुढे धरली. पापुद्र्यासारखे थर होते, एकावर एक. “गाडी पळाली असती तर ह्यातलं निम्मं उडून गेलं असतं. ही बसून बसून साठलेली काजळी हाय. रोज दोन-अडीच तास. सांग, हाय का न्हाई?”

“दीड तास,” धनेश म्हणाला. मग स्वतःच हसला. “उकडतं ओ मावशी लय.”

हनीफभाई स्टुलावर इतके हसले, की प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हातानं धरावा लागला. “राव, बायको पकडते ते ऐकलं होतं. तुला काजळीनं पकडलं!”

चार तोंडांतून चार बांगड्या लोंबत होत्या. ज्या सिलिंडरचं काम, त्याचे व्हॉल्व्ह बंद होतील असं इंजिन धनेशला फिरवायला लावायचं. मग त्या तोंडातली चिंधी काढायची, कामटीनं हळू खरवडायचं, निघालेला गाळ लगेच व्हॅक्यूमच्या नळीनं ओढून घ्यायचा, तोंड पुसायचं. हे सगळं त्या बोलत बोलत करत होत्या.

“तू शिकलेली हायस,” मला म्हणाल्या. “मला एक सांग. हवेच्या वाटेत धूर येतोच कसा? धुराची वाट मागं हाय की.”

मी सांगितलं. जळून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा धूर मुद्दाम परत आत सोडतात. त्यानं आतली आग जरा मंद होते आणि हवा बिघडवणारा एक वायू कमी तयार होतो. इंजिनातल्या तेलाची वाफही त्याच वाटेनं येते. धूर आणि तेल भेटले की हे.

“भेटले की गप्पा मारत बसले,” शालनबाई म्हणाल्या. थोडा वेळ कामटी चालू राहिली. “म्हंजी माणसांनी धूर खाऊ ने म्हणून गाडीला तिचाच धूर पाजायचा.”

“तसंच.”

“हुशार हायेत.” पुन्हा कामटी. मला वाटलं प्रश्न मिटला.

साडेबाराला तोंडं स्वच्छ झाली. धुतलेलं मॅनिफोल्ड आतून नव्या पातेल्यासारखं चमकत होतं. सांध्यात नवी गॅस्केटची पट्टी लागली. मग हनीफभाईंनी डाव्या हातानं टॉर्क पाना उचलला, म्हणजे ठरलेला जोर झाला की टक् करून सांगतो तो पाना, आणि शालनबाईंपुढे धरला.

“घ्या, ताई.”

शालनबाईंनी तो लगेच घेतला नाही. शर्टाला मोजे पुसले, मग घेतला.

“मधून बाहेर जायचं. आधी मधले दोन, मग त्यांच्या शेजारचे.”

“पापड मधूनच लाटतेत, हनीफभाई. कडेनं सुरुवात केली की चोळामोळा होतो.”

आठ बोल्ट. पहिला टक् झाला तेव्हा त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आम्हीही ऐकला ना याची खात्री करायला. प्रत्येक टक् नंतर त्या स्वतःशी आकडा म्हणत होत्या. मग नळ्या लागल्या, पट्ट्या आवळल्या. एक वाजून पाच मिनिटं झाली. धनेशनं चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

हनीफभाईंनी विचारलं, “मोजलं?”

शालनबाई खिळ्याकडे वळल्या. हिरवी होती. पिवळी होती. निळी होती.

आम्ही सगळे तो खिळा बघत राहिलो.

“पडली असंल इथंच,” धनेश म्हणाला. “मावशी, सगळं डोळ्यांदेखत साफ केलंय. मी बघत होतो. आत काही नाही.”

“तीन नंबर पुसताना तू मोबाईलवर बोलत होतास.”

“पण तुम्ही तर बघत होता!”

“मी मागच्या खेपेला पन बघतच होते.”

धनेशनं हनीफभाईंकडे पाहिलं. हनीफभाई म्हणाले, “चावी त्यांच्या हातात आहे. त्यांना विचार.”

नऊ वर्षांनी हातात आलेली चावी होती ती. शालनबाईंनी ती मुठीत धरली, एकदा इंजिनाकडे बघितलं, आणि धनेशला परत देऊन टाकली. “पाना द्या,” म्हणाल्या. “उघडते.”

पट्ट्या सुटल्या, नळ्या सुटल्या, आठही बोल्ट निघाले. मी मोबाईलचा दिवा धरला. तीन नंबर आतून लख्ख. दोन नंबर लख्ख. एक आणि चार, तेही. चिंधी कुठेच नव्हती. बांगडीही नव्हती. तरी त्या बंद करेनात. आम्ही टब उपसला, गाडीखाली झोपून पाहिलं. चिंध्या मोजायला गेलो तर निम्म्या फाटून दोनाच्या चार झालेल्या. धनेश आता फोनवर कोणाला तरी सांगत होता, की बांगडी हरवली म्हणून बस थांबलीय, आणि पलीकडून कोणी तरी खो खो हसत असल्याचं मलाही ऐकू येत होतं.

“चहा आलाय,” हनीफभाई म्हणाले. “आधी दोन घोट घ्या, ताई. डोकं चालेल.”

शालनबाई खाली बसल्या. डाव्या हाताचा मोजा ओढून काढला. मग उजव्या हाताचा.

उजव्या मनगटावर लाल बांगडी होती. दोरीसकट.

मग त्यांनाच आठवलं. तीन नंबरचा कोपरा मोज्यातून नीट कळेना म्हणून त्यांनी मोजा काढून उघड्या बोटानं आत चाचपलं होतं. बांगडी खाली पडू नये म्हणून मनगटात सरकवली, चिंधी टबात टाकली, आणि वरून मोजा चढवला.

“काखेत कळसा,” हनीफभाई म्हणाले.

“आणि तळवड्याला वळसा!” धनेशनं पुरं केलं आणि बोनेटवर डोकं टेकवून हसायला लागला. शालनबाई आधी पदरात तोंड लपवून हसल्या, मग उघडपणे, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चहावाल्यालाही काही माहीत नसताना हसू आवरेना.

“आता माझ्या सासूला सांगू नका कोणी,” त्या म्हणाल्या. “ती मशेरी अजून विसरली न्हाई. आता तर मलाच ऐकवंल.”

दुसऱ्यांदा बंद करायला एकोणीस मिनिटं लागली. टक् टक् मोजायला आता आम्ही सगळेच होतो. आठ झाले.

“मोजलं?”

शालनबाईंनी खिळ्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हटलं, “हिरवी, पिवळी, लाल, निळी. आन् हे बघा,” दोन्ही उघडी मनगटं वर केली, “इथं काय बी न्हाई.”

“मग बसा.”

त्या धनेशच्या सीटवर चढल्या. पाय पुरेना म्हणून पुढे सरकल्या. चावी फिरवली. सेल घुरघुरला, एकदा, दोनदा, आणि इंजिनानं धरलं. सुरुवातीला जरा खोकल्यासारखं केलं, मागून एक काळी फुंकर आली, आणि मग आवाज एकसारखा, गोल झाला. हनीफभाईंनी डावा हात वर केला, म्हणजे रेस वाढवा. त्यांनी वाढवली. मी मागे जाऊन धुराड्यापाशी माझा पांढरा रुमाल धरला. त्याच्यावर फक्त राखाडी सावलीएवढा डाग आला.

शालनबाई खाली उतरेनात. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. धनेश दारात उभा राहून म्हणाला, “मावशी, महाळुंग्यापर्यंत तुम्हीच नेता का आता?”

“गप रे. ऐकू दे.”

उतरल्या तेव्हा हनीफभाई म्हणाले, “शोएब आला की सांगतो त्याला. आवळणारे आता आपण तिघं. पण ताई, एक नवा नियम.”

“काय?”

“मोजे काढून मोजायचं.”

सव्वादोनला आम्ही निघालो. धनेशनं खिडक्या उघड्या ठेवल्या आणि एसी लावलाच नाही. बस गॅरेजच्या दारातून वळत होती तेवढ्यात शालनबाई धावत आल्या आणि माझ्या खिडकीच्या पत्र्यावर थापा मारू लागल्या. एका हातात लाल झाकणाचा नवा डबा होता, आजच्या काजळीनं भरलेला. धनेशनं ब्रेक दाबला.

“अगं, सकाळचं अर्धंच राहिलं,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “हवेत जाऊ ने म्हणून धूर इंजिनाला पाजला. इंजिनात बसला तो मी काढला. गटारात न्हाई सोडला, डब्यात भरला. तुमच्या कंपनीत असलं काळं निघतं ते कुठं देतात?”

“ते नेणारी एजन्सी असते, मावशी. गाडी येते.”

“आन् ती एजन्सी काय करते?”

“काही पुरतात. काही भट्टीत जाळतात.”

“जाळतात?” त्यांनी डबा वर धरून माझ्याकडे बघितलं. वाट बघणाऱ्या सव्वीस जणींचे फोनवर फोन येत होते, धनेशनं हॉर्न दिला, बस हलली, आणि त्या बसच्या बाजूनं चार पावलं पळत ओरडल्या, “मग त्याचा धूर कुणाला पाजतात?”